राजाले कोनं मारलं?

"रेखाबाई, राजाले मारायचं आहे. काही आहे का तुमच्याजोळ?"

संध्याकाळची वेळ. माझ्या मेडिकलवर ऐन गर्दी. एक बाई बाळासाठी ग्राइप वॉटर घेत होती, कॉलेजचा एक मुलगा डोकेदुखीची गोळी मागत होता, आणि दिगांबर काकाजी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून खणखणीत आवाजात खुनाची चौकशी करत होते.

"लगेच नाही मेला पाह्यजे. रात्रभर लागली तरी चालते. पन वास नको, चव नको, आन् राजवैद्याले नाडीत समजलं नाही पाह्यजे."

ग्राइप वॉटरवाली बाई बाटली तिथंच टाकून पोराला छातीशी धरून निघून गेली. मुलानं गोळी घेतली, पण ती आधी उलटसुलट करून पाहिली.

मी म्हटलं, "काकाजी, माझं लायसन जाईल हो! भिंतीवर लावलंय ते दिसत नाही का?"

"लायसनचं काय घेऊन बसल्या बाई? अथी सोनकड्याच्या गादीचा सवाल आहे!"

आता मी काही सोशिक बाई नाही. अमरावतीत स्वतःच्या हिमतीवर औषधाचं दुकान चालवायचं म्हणजे जीभ थोडी धारेची ठेवावीच लागते. उधारीवाल्यांना, फुकट बीपी मोजून मागणाऱ्यांना, चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांना मी एका वाक्यात रस्ता दाखवते. पण या माणसापुढं माझं काही चालत नसे. एकतर ते शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. दुसरं म्हणजे मी कितीही फटकन बोलले तरी काकाजी ते कादंबरीत घालून टाकत. "मस्त बोलल्या बाई! हे वाक्य थोरल्या राणीसाहेबाले देतो मी."

तर काकाजी कादंबरी करत होते. लिहीत नव्हते, करत होते. ऐतिहासिक, दरबारी आणि रहस्यमय, असं ते तीन बोटं मोडून सांगत. कागदावर मात्र एक अक्षर नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लिवून काय होते? लिवलेल्या पुस्तकाचं लोक शेवटचं पान पाह्यतेत आन् ठेवून देतेत."

काकाजींची सगळी नोकरी अकोल्याच्या बसस्टँडवर गेली. गाड्यांची घोषणा करायचं काम. मायक्रोफोन बंद पडला तरी आवाज शेवटच्या फलाटापर्यंत जायचा म्हणे. रिटायर झाल्यावर अमरावतीला आमच्या कॉलनीत आले, पण आवाज काही रिटायर झाला नाही. काहीही महत्त्वाचं सांगायचं असलं की आधी "लक्ष द्या, लक्ष द्या" असं दोनदा म्हणायचे. भाजीवालीशी भाव करतानासुद्धा.

त्या नोकरीचा परिणाम कादंबरीवर झालाच. सोनकड्याचा हेर शत्रूच्या गोटात निघाला की तो नुसता निघत नसे. तो दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा मार्गे निघायचा. तेल्हाऱ्याकडून येणारा निरोप्या हमखास उशिरा पोचायचा. आणि हे सोनकडा संस्थान आहे तरी कुठं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "परतवाड्याच्या पुढं, चिखलदऱ्याच्या अलीकडं. घाट लागला का उजव्या हाताले."

"उजव्या हाताला दरी आहे, काकाजी. मी दर वर्षी जाते."

"तेच तं! म्हणून तं कोनाले सापडत नाही."



गोष्ट साधारण अशी. सोनकड्याचे महाराज रणधवल यांच्या वाढदिवसाची मोठी पंगत झाली. रात्री महाराज शयनगृहात गेले, आतून कडी लावली आणि सकाळी मेलेले सापडले. खिडकीला गज, दाराला कडी, अंगावर ओरखडासुद्धा नाही. संशय चौघांवर: थोरल्या राणीसाहेब, महाराजांचे धाकटे बंधू, दिवाणजी आणि राजवैद्याची बायको. दिवाणजी हुबेहूब आमच्या कॉलनीच्या सचिवांसारखे होते. तेच अडखळत बोलणं, तीच चोरटी नजर, आणि फरक एवढाच की आमचे सचिव बोअरची मोटर वेळेवर सोडत नाहीत आणि दिवाणजी कारंजी सोडत नसत. कोणाच्याही लक्षात यावं इतकं उघड होतं. फक्त सचिवांच्या लक्षात आलं नाही.

काकाजींना सगळं करून पाहायची खोड. खिडकीच्या गजातून हात जातो का, हे पाहताना त्यांचा हात आमच्या मागच्या खिडकीत अडकला आणि माझ्या नवऱ्यानं खोबरेल तेल लावून तो कसाबसा काढला. तेल लावताना काकाजी विचारत होते, "त्या काळी तेल कोनतं असन? करडीचं का जवसाचं?"

रोडग्यांचा किस्सा तर कॉलनी अजून सांगते. काकाजींच्या बायकोचं, लीलाकाकूंचं माहेर मोर्शीचं, भावाची संत्र्याची बाग. तिथं काकाजींनी आम्हा सगळ्यांना रोडगे खायला बोलावलं. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, मग फोडून त्यावर तुपाची धार सोडायची आणि वरणासोबत हाणायचे. खाणारा दुपारी जागेवरून उठत नाही. आम्ही आनंदानं गेलो. आम्हाला काय माहीत की आम्ही सोनकड्याच्या पंगतीला बसलोय! काकाजींनी एकाच रोडग्याच्या पोटात लवंग लपवली होती. सगळ्यांचे रोडगे सारखे दिसत असताना विषाचा रोडगा नेमका राजाच्याच पानात पडेल अशी व्यवस्था करता येते का, हे त्यांना पाहायचं होतं. राजा म्हणून त्यांनी मनातल्या मनात सचिवांना निवडलं होतं. वाढपी स्वतःच. राखेतून रोडगे काढले, झटकले, टोपल्यात टाकले, आणि तिथंच घोळ झाला. खूण केलेला रोडगा ओळखू येईना. काकाजी पंगतभर प्रत्येकाच्या तोंडाकडं टक लावून पाहत हिंडत होते. "तिखट लागून राहिलं का? जिभेले काही लागून राहिलं का?" शेवटी सगळे उठल्यावर ते एकटे जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला लवंग त्यांच्याच दाताखाली आली.

लीलाकाकू तिथंच झाडाखाली खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "या मानसाच्यानं कोनी मरत नाही, बाप्पा. झुरळ मारा म्हटलं तं त्याले सुपलीत घेऊन बाहीर सोडून येते. आन् राजे मारून राहिला!"

लीलाकाकूंचं सांगायला हवं. काकाजी जितके पसरट, तितक्या काकू नेमक्या. मूलबाळ नाही, दोघंच दोघं. काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून त्यांना मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला जावं लागतं. त्यांची औषधं माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळं त्यांची तब्येत मला जरा जास्तच ठाऊक. त्या दिवशी बागेत अवतीभवती संत्री लगडली होती आणि माहेरच्या बागेतलं एक संत्रं खायची त्यांना बंदी होती. त्या नुसतं एक फळ हातात घेऊन बसल्या होत्या. डायलिसिस सुरू करायचं ठरलं तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हटलं होतं. "अंगातलं रगत बाहीर काढतेत, धुतेत आन् परत घालतेत म्हने. मी काय साडी आहे? जितके दिवस आहेत तितके राहीन न जाईन." मग एकदा कशाबशा गेल्या, आणि एकाएकी नेमानं जायला लागल्या. का, ते मला कळलं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं असेल असं मी धरून चालले.

एक दिवस दुकानात एक अनोळखी बाई आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, चांदूर रेल्वेच्या बाजूचं बोलणं. काउंटरसमोर उभी राहून मला वरपासून खालपर्यंत पाहायला लागली.

"काय पाहिजे, मावशी?"

"औषध नाही पाह्यजे. तुमीच का वं रेखाबाई?"

"हो. का?"

"काही नाही. पाहाले आली." मग दोन पावलं पुढं आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "राणीले त्या पुड्या तुमीच देल्ल्या ना? खरं सांगा वं. मी कोनाले नाही सांगनार."

मला काही कळेना. "कसल्या पुड्या? कोणती राणी?"

"आता मायापाशी काहून लपवता? आमचे मालक म्हनतेत दिवानानंच केलं. पन मी पह्यल्यापासून म्हनून राहिली, राजवैद्याची बायको दिसते तेवढी साधी नाही." पुन्हा एकदा मला निरखून तिनं जराशा निराशेनं मान हलवली. "पाहून तं वाटत नाही, बाप्पा."

आणि गेली.

माझं डोकं फिरलं. म्हणजे राजवैद्याची बायको मी! आणि हे फक्त कॉलनीत नाही, चांदूर रेल्वेपर्यंत गेलंय! मी दुकान नवऱ्याच्या ताब्यात दिलं आणि तशीच काकाजींच्या घरी गेले. आता यांना चांगलं सुनावायचंच, असं ठरवून दार वाजवलं. दार उघडलं तर काकाजी चप्पल घालून, काकूंची पिशवी खांद्याला लावून, हातात फोन घेऊन घामाघूम उभे.

"बाई, बरं झालं आल्या! ऑटोवाला लग्नाले गेला आन् मले सांगतलंच नाही. गुरुवार आहे आज. वेळ झाली."

भांडण जिथल्या तिथं राहिलं. मी गाडी काढली. काकू मागे बसल्या, काकाजी पुढं. रस्ताभर एरवी बोलघेवडा असलेला हा माणूस ओठ हलवत गप्प बसला होता. मी विचारलं, "काय झालं?" तर मागून काकू म्हणाल्या, "त्याले बोलू नको. पाठ करून राहिला."

त्या वॉर्डात मी कधी गेले नव्हते. औषधं विकणं वेगळं आणि ती ज्यांच्या अंगात जातात त्यांना पाहणं वेगळं. लांबट खोली, दोन्ही बाजूंनी खाटा, प्रत्येक खाटेशेजारी माणसाच्या उंचीचं मशीन आणि त्यातून फिरणाऱ्या लाल नळ्या. माणसं हात पसरून पडलेली. कोणी तरुण, कोणी म्हातारं, सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे. काकूंचं वजन झालं, सुया लागल्या, मशीन सुरू झालं. सुई आत जाताना काकूंनी डोळे मिटले आणि काकाजींनी छताकडं पाहिलं.

मग खोलीतलं शेवटचं मशीन सुरू झालं आणि सगळ्यांच्या माना आमच्या खाटेकडं वळल्या. काकाजी उठून खोलीच्या मधोमध स्टुलावर जाऊन बसले.

"लक्ष द्या, लक्ष द्या," ते म्हणाले. पण किती हळू! तो बसस्टँडचा आवाज त्यांनी कुठं ठेवून दिला होता कोण जाणे. "धाकटे बंधू भुयाराच्या तोंडाशी उभे हायेत. हातात दिवटी. आन् मांगून कोनाच्या तरी पैंजनाचा आवाज..."

मी दाराशी उभी होते. दोन-चार वाक्यांतच माझ्या अंगावर काटा आला. हा तोच माणूस का, जो माझ्या खिडकीत हात अडकवून बसला होता? भुयाराचा ओला वास मला आला. दिवटी विझली तेव्हा अख्ख्या खोलीनं श्वास रोखला. कोपऱ्यातल्या खाटेवरचे गृहस्थ कोपरावर उठू पाहत होते आणि सिस्टर त्यांना दाबून झोपवत होती, पण तिचंही लक्ष भुयाराकडंच होतं. बीपीचा पट्टा तिच्या हातात तसाच लोंबत होता. रक्त नळ्यांतून जात होतं, येत होतं, आणि कोणाला त्याची आठवण नव्हती. मी आयुष्यात भलीभली भाषणं ऐकली, पण माणसं अशी स्वतःचं दुखणं विसरलेली कुठं पाहिली नाहीत.

पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा सिस्टरनं सांगितलं. पहिल्याच खेपेनंतर काकू म्हणाल्या होत्या, आता पुन्हा येणार नाही. तेव्हा काकाजींनी एवढंच म्हटलं की एक गोष्ट सुचली आहे, एका राजाचा खून झालाय. कोणी केला? काकूंनी विचारलं. ते म्हणाले, तिथं मशीनवर सांगतो. घरी एक शब्द सांगणार नाही. तेव्हापासून तो नियम. पुढचं ऐकायचं तर पुढच्या खेपेला यायचं. आधी आजूबाजूच्या खाटा कान देऊ लागल्या, मग सगळा वॉर्ड. "पहिले खूप जण दांडी मारायचे, मॅडम," सिस्टर म्हणाली. "कटाळा येतो ना. आता नाही मारत. चांदूर रेल्वेचे ते काका तर गाडी चुकली तरी काही ना काही पकडून येतात."

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. हा माणूस गल्लोगल्ली विष मागत हिंडत होता ते बायको जगावी म्हणून. आणि मी त्याला लायसनचं सांगत होते! मला तिथंच रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते सांगता येत नाही.

परतताना गाडीत काकू डोळे मिटून पडल्या होत्या. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाल्या, "अवो."

"हं?"

"शनिवारी खुनी सांगून टाका."

काकाजी हसले. "इतक्यात कसं? अजून भुयारातून बाहीर..."

"भुयार गेलं खड्ड्यात. मले कटाळा आला आता. हात पाहा माया, सुयांनी चायनी झाली आहे त्याची. तुमी लांबवता, मले समजत नाही का? शनिवारी खुनी सांगा न मले मोकळी करा. नाही सांगतलं तं मी शनिवारी गाडीतच बसत नाही."

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकाजींनी खिडकीबाहेर तोंड केलं आणि घर येईपर्यंत ते तसंच ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी ते दुकानात आले. काउंटरला कोपरं टेकली नाहीत. बाजूला उभे राहिले, गिऱ्हाइकं जाईपर्यंत.

"काकाजी, काय देऊ? विष?"

"नको."

मी त्यांना आतल्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला. चहा निवत गेला. मग मीच म्हटलं, "सांगून टाका ना उद्या खुनी कोण ते. मग दुसरी कादंबरी सुरू करा. दुसरा राजा."

"तुमची काकू? ते फसनार नाही दुसऱ्या खेपेले. आन् सांगू काय, बाई? मलेच मालूम नाही."

"काय मालूम नाही?"

"खुनी कोन ते!" त्यांचा आवाज असा चिरकला की मी दचकले. "मी सुरू केलं तवा एवढंच ठरवलं होतं, का राजा मेला. म्हटलं राजा मेला तं ते इचारीन कोनं मारला. बस. पुढचं एका खेपेपुरतं जमवायचं आन् सांगायचं. ज्याच्यावर संशय गेला त्याले दोन खेपांनी सोडवून टाकायचं. सगयेच्या सगये सोडवले मी. राणी सुटली, भाऊ सुटला. आता कोनी उरलंच नाही."

"दिवाणजी?"

"त्याची तं तवा दाढ दुखत होती. सगया दरबारासमोर."

मी विचार केला. खरंच केला, हसू नका. शिकलीसवरलेली, लायसनवाली बाई मी, आणि भर दुकानात सोनकड्याचा खुनी शोधत बसले. शेवटी म्हटलं, "मला करा. मी केला खून. राजवैद्याच्या बायकोनं. चांदूरच्या मावशीला तसंही पटलेलंच आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते. "नाही, बाई. तुमाले तं मी मांगच्याच मंगयवारी सोडवलं. आन् खुनी कोनी का असेना, सापडला का गोष्ट संपली. संपली का ते येनार नाही. न सांगून पाहा, तरी येनार नाही. मी काय करू?"

माझ्याकडं त्यावर औषध नव्हतं. मी त्यांचा चहा बदलून दिला.

शनिवारी मी पुन्हा दुकान नवऱ्यावर सोडून गाडी काढली. काकूंनी आधी दारातच विचारलं, "सांगता ना आज?" काकाजी म्हणाले, "सांगतो." मग त्या बसल्या.

वॉर्डात बातमी कशी पोचली कोण जाणे. आज खुनी कळणार म्हणून खाटांशेजारी नातेवाईकही उभे होते. मला पाहायला आलेली ती मावशीही होती, आपल्या मालकांच्या उशाशी. तिनं मला ओळखून मान डोलावली. मशीनं सुरू झाली. काकाजी स्टुलावर बसले. पांढरा शर्ट घातला होता, इस्तरीचा.

त्यांनी दरबार भरवला. चौघे संशयित सिंहासनासमोर उभे केले. मशाली लावल्या. प्रत्येकाचं एकेक गुपित पुन्हा सांगितलं, फार सुरेख सांगितलं, पण मला दिसत होतं की ते नुसतं लांबवणं आहे. शेवटी लांबवायलाही काही उरलं नाही.

"आन् खुनी आहे..." ते म्हणाले.

मशीनची घरघर तेवढी.

"खुनी आहे..."

"नका सांगू!" एकदम आवाज आला. मावशीचे मालक, तेच कोपऱ्यातल्या खाटेवरचे. "काकाजी, आज नका सांगू, बाप्पा. सांगतलं तं मंग आमी पुढच्या खेपेले कायले यावं?"

कोणी हसलं नाही. काकाजींनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्द फुटेना. ज्या माणसानं आयुष्यभर अख्ख्या बसस्टँडला गाड्या सांगितल्या, त्याचा आवाज त्या खोलीत बसला. ओठ नुसते हलत होते. ते काकूंकडं पाहत होते, आणि त्या बघण्यात नवऱ्याची ऐट नव्हती, काही नव्हतं. मला वाटलं आता हे पडतात की काय. मी पुढं झाले.

"सरका," काकू म्हणाल्या. "तुमच्याच्यानं नाही होत."

सगळे त्यांच्याकडं वळले. काकूंनी मोकळ्या हातानं उशी जरा वर ओढली. सुयांचा हात पसरलेलाच होता.

"पह्यल्या दिवशी तुमी काय सांगतलं होतं? महाराज पानी कसं पेत?"

काकाजी गोंधळले. "पानी?"

"पानी, पानी! चांदीच्या तांब्यात वाळ्याची जुडी टाकल्याशिवाय महाराज घोटभर पानी पेत नोते, असं सांगतलं का नाही?"

"सांगतलं," दोन-तीन खाटांवरून उत्तर आलं.

"आन् मेले त्या रातीचा तांब्या? तुमी सांगतलं, तांब्या उशाशी होता, रिकामा. थेंब नोता त्याच्यात. मी बरोबर ध्यान देऊन ऐकलं. वाळा कुठं होता त्याच्यात?"

काकाजींच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट कळलं की हा माणूस वाळा साफ विसरला होता.

"तुमी इसरसान. मी नाही इसरत," काकू म्हणाल्या. "दिवसभराचं पानी मले मोजून मियते. दुसऱ्याच्या तांब्यात किती आहे न काय आहे, ते मले बरोबर दिसते." त्यांनी जरा दम घेतला. "म्हनून सांगते. बिना वाळ्याचं पानी पेऊन जो मेला तो महाराज नाहीच. दुसराच कोनी आहे. राजा मेलाच नाही."

मग असा गलका उठला की शेजारच्या वॉर्डातून माणसं डोकावली. "अरे, खरंच की!" "मंग मेला तो कोन?" "आन् राजा कुठं गेला? कडी तं आतून होती!" मावशीचे मालक अर्धे उठून बसले होते आणि सिस्टर त्यांना झोपवायचं सोडून स्वतःच विचारत होती, "काकू, मग कपडे महाराजांचे कसे?"

"मले काय इचारता? त्यांले इचारा." काकूंनी काकाजींकडं पाहिलं. किती वेळ पाहत होत्या! "शोधा आता त्या राजाले. कुठं गेला, कोनाच्या भेवानं गेला, कसा राहून राहिला, सगयं सांगा मले. घाई नाही."

काकाजी स्टुलावरून उठून खाटेपाशी आले. रुमाल शोधायला खिशात हात घातला, तो सापडेना. मग त्यांनी काकूंचा पदर उचलला आणि भर वॉर्डात त्यानंच डोळे पुसले. एरवी काकूंनी हातावर चापट मारली असती. त्यांनी पदर सोडवून घेतला नाही. मीही तोंड भिंतीकडं केलं आणि सांगायला लाज कसली, मनसोक्त रडून घेतलं.

गलका थांबेना, तेव्हा काकूंनी मान वळवून सगळ्या खोलीला दटावलं.

"आता चूप बसा सगये, मले झोपू द्या. आन् मंगयवारी कोनी दांडी मारू नका, सांगून ठेवते."